माळी नसलेली बाग

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून बाहेर पडलं की चार-पाच मिनिटांवर पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय लागतं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत चारही भिंतींवर मिळून एकच सलग बाग रंगवलेली आहे. खोली साधारण १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. पुढे ठेंगणं विणलेलं कुंपण, मग गवताची पट्टी, मग दगडी कठडा, आणि त्याच्या पलीकडे डाळिंब, कण्हेर, मर्टल, लॉरेल, खजूर, सायप्रस यांची दाटी. त्यातून उडणारे, दडणारे, फळं टोचणारे पक्षी. ऑगस्टस सम्राटाची पत्नी लिव्हिया हिचा रोमबाहेर प्रिमा पोर्ता इथे एक बंगला होता, त्यातली ही खोली. इ.स.पू. ३० ते २० च्या सुमारास ही चित्रं काढली गेली, १८६३ साली उत्खननात सापडली, आणि १९५१-५२ मध्ये भिंतींवरून उतरवून रोममध्ये आणली गेली.

रोमला जाणाऱ्या ओळखीच्यांना मी नेहमी सांगते, कलोसियमला तासभर कमी द्या, पण ही खोली चुकवू नका. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते चित्र आवडत नाही म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी तक्रार या चित्राच्या वापराबद्दल आहे. रोमन बागांवरचं पुस्तक असो, माहितीपट असो की पर्यटकांना दिली जाणारी माहिती असो, ‘रोमन लोकांच्या बागा अशा होत्या’ हे सांगायला हटकून याच भिंती दाखवल्या जातात. लग्नाच्या पंगतीवरून घरचा रोजचा स्वयंपाक ओळखावा, तसा हा प्रकार आहे. या चित्रात बागेला सुंदर करणारं सगळं आहे. पण बागेला बाग करणाऱ्या दोन गोष्टी त्यातून काढून टाकल्या आहेत. एक ऋतू आणि दुसरा माळी.

ऋतूपासून सुरुवात करू. मी पोटापाण्यासाठी परागकण मोजते, त्यामुळे कोणतं झाड कधी फुलतं हा माझा रोजचा हिशेब आहे. या भिंतींवर वसंतातली व्हायोलेट्स आहेत, त्यानंतरची पॉपीची आणि गुलाबाची फुलं आहेत, ऐन उन्हाळ्यातली कण्हेर आहे, आणि त्याच वेळी शरदात पिकणारी डाळिंबं आणि क्विन्सची फळंही झाडावर आहेत. (क्विन्स म्हणजे सफरचंदाच्या कुळातलं, पिवळंधमक, कच्चं खाल्लं तर तोंड तुरट करणारं फळ. तुर्की किंवा इराणी दुकानात शरदात मिळतं.) अशी बाग पृथ्वीवर कुठेही, कोणत्याही तारखेला दिसणार नाही. गंमत म्हणजे या गर्दीत एक झाड खरं बोलतं. अर्ब्यूटस नावाचं भूमध्य समुद्राकाठचं झाड शरदात फुलतं, आणि त्याची आदल्या वर्षीची फळं नेमकी त्याच वेळी पिकतात. फूल आणि फळ एकत्र दाखवायचं तर ते याच झाडावर शोभतं. बाकीच्यांवर ते चित्रकाराने बहाल केलेलं आहे.

हा दोष आहे का? चित्र म्हणून नाही. ही खोली अर्धी जमिनीखाली होती, तिला खिडक्या नव्हत्या. उन्हाळ्यात गारव्याला बसायला, बहुधा पाहुण्यांच्या जेवणावळींना ती वापरत असावेत, असं अभ्यासक मानतात. तळघरासारख्या जागेत चहूकडून बाग उभी करायची, तर तिथे पानगळ कोण रंगवेल? प्रश्न पुढचा आहे. सगळे ऋतू एकाच क्षणी हजर करण्याची ही हौस कोणाला परवडते?

याचं नेहमीचं उत्तर राजकीय आहे, आणि त्यात तथ्य आहे. या बंगल्याची एक दंतकथा थोरल्या प्लिनीने नोंदवली आहे. एका गरुडाने लिव्हियाच्या मांडीत एक पांढरी कोंबडी टाकली, तिच्या चोचीत लॉरेलची डहाळी होती. ती डहाळी या बंगल्यात लावली, तिची राई झाली, आणि पुढे सम्राट विजययात्रेत मिरवताना हातात आणि मस्तकावर याच राईतलं लॉरेल घेऊ लागले. (हे लॉरेल म्हणजे इकडे ‘बे लीफ’ म्हणून मिळणारी पानं. आपलं तमालपत्र वेगळं, ते दालचिनीच्या भावकीतलं. मसालेभातात एकाच्या जागी दुसरं घातलं की फरक कळतो.) लॉरेल चित्रातही आहे. यादवी युद्धं संपली, ऑगस्टसच्या राज्यात आता बारमाही बहर आहे, असं या भिंती पाहुण्यांना सांगत होत्या, हा अर्थ बहुतेक सगळ्यांना मान्य आहे.

झाडं आणि सत्ता यांचा संबंध रोमन लोक लपवतही नव्हते. लुकुल्लस या सेनापतीने काळ्या समुद्राकाठच्या पाँटसवर मिळवलेल्या विजयानंतर चेरीचं झाड इटलीत आणलं, आणि १२० वर्षांत ते ब्रिटनपर्यंत पोहोचलं, असं थोरला प्लिनी सांगतो. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे पाँपीच्या काळापासून विजययात्रेत झाडंही मिरवली जाऊ लागली. बंदिवान राजे, लुटलेलं सोनं, आणि त्यांच्या रांगेत एखादं परदेशी झाड! ज्यूडियातून आणलेल्या बाल्समबद्दल तो लिहितो, की हे झाड आता आपल्या देशवासीयांबरोबर रोमची चाकरी करतं आणि खंडणी भरतं. वाचताना आपण दचकतो, त्याच्या लिखाणात मात्र ते सहज येऊन जातं. रोमन बागेतलं प्रत्येक परदेशी झाड हा एखाद्या मोहिमेचा किंवा व्यापाराचा पुरावा होता.

एवढं मान्य करूनही ‘हा सगळा राजकीय प्रचार’ म्हणून विषय मिटवणाऱ्या समीक्षेशी माझं जमत नाही. प्रचाराला इतकी बारीक नजर लागत नाही. वीसहून अधिक वनस्पती आज नावानिशी ओळखता येतात, त्या चित्रकाराने पानाचा आकार आणि देठाची ठेवण जपली म्हणून. फळाच्या वजनाने फांदी कुठे वाकते, वाऱ्याने पान उलटलं की मागची फिकट बाजू कशी दिसते, हे त्याला माहीत आहे. हे ज्ञान राजवाड्यात बसून येत नाही. ज्याने झाडांच्या सोबतीत दिवस काढले आहेत, किंवा तसे दिवस काढणाऱ्यांना विचारलं आहे, त्यालाच ते येतं. आणि इतकं दाखवून हा चित्रकार आपल्याला आत काही जाऊ देत नाही. पुढे कुंपण, मागे कठडा, असे दोन अडसर. शेकडो पानांत मोकळे फिरणारे पक्षी आहेत, आणि कठड्यावर एक पक्षी पिंजऱ्यात आहे. तो पिंजरा तिथे का ठेवला असेल, याचं एकच उत्तर नाही. पण सोन्याच्या युगाची नुसती जाहिरात करणाऱ्याला त्याची गरज पडली नसती, एवढं मला वाटतं.

मात्र या बागेत माणूस नाही. कुदळ, पाण्याचं भांडं, छाटलेली फांदी, काहीच नाही. गवताची पट्टी तर आत्ता कोणी झाडून गेल्यासारखी आहे. झाडणारा तेवढा अदृश्य.

लॅटिनमध्ये शोभेच्या बागेच्या माळ्याला एक खास शब्द होता, टोपियारियस. झाडं कातरून त्यांना आकार देणारा, वेली चढवणारा कसबी माणूस. हे लोक बहुतेक गुलाम किंवा मुक्त केलेले गुलाम असत. सिसेरोने इ.स.पू. ५४ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात अशा एका माळ्याचं तोंडभरून कौतुक केलं आहे. त्याने पायथा, खांबांमधल्या जागा, सगळं आयव्हीने असं मढवलं, की तिथले ग्रीक पोशाखातले पुतळेच माळीकाम करून आयव्ही विकायला उभे आहेत असं वाटावं. कौतुक छान आहे, विनोदही चांगला आहे. माळ्याचं नाव काही सिसेरो सांगत नाही. दीडशे वर्षांनी धाकटा प्लिनी आपल्या टस्कनीतल्या बागेचं वर्णन करताना लिहितो, की बॉक्सवुडची झुडपं कातरून अक्षरं केली आहेत, कुठे मालकाचं नाव वाचता येतं तर कुठे ते घडवणाऱ्या कारागिराचं. मला हा सगळ्या रोमन उद्यानसाहित्यातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. कारागिराचं नाव बागेत होतं, झाडावर कोरलेलं नव्हे तर झाडाचंच केलेलं. पण पत्रात प्लिनी ते लिहीत नाही. झुडूप दोन वर्षं कातरलं नाही की अक्षरं बुजतात. मालकाचं नाव त्याच्या पत्रांमुळे उरलं, कारागिराचं पानांबरोबर गेलं.

ही दोन माणसं, म्हणजे ऋतू जाणणारा माणूस आणि माळी, परत कुठे भेटतात? माझ्या मते ती एका जाडजूड, रुक्ष वाटणाऱ्या पुस्तकात भेटतात. विल्हेल्मिना जॅशेम्स्की या मेरीलँड विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापिका. १९६१ पासून त्यांनी पाँपेईत बागा खणायला सुरुवात केली. ‘द गार्डन्स ऑफ पाँपेई’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९७९ साली आला, दुसरा १९९३ साली. त्यांच्याआधी दोन शतकं पाँपेईत पुतळे आणि भित्तिचित्रं शोधली जात होती. घरामागच्या मोकळ्या जागा म्हणजे खोदकामात उपसलेली माती टाकायची सोय, असंही अनेकदा झालं. जॅशेम्स्कींनी त्या मोकळ्या जागाच वाचायला घेतल्या.

पद्धत सांगण्यासारखी आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा पाँपेईवर हलक्या ज्वालामुखी खड्यांचा थर साचला. जमिनीतली मुळं पुढे कुजून गेली, आणि त्या पोकळ्यांत हे खडे घसरून भरले. मूळ गेलं, त्याचा साचा राहिला. जॅशेम्स्की आणि त्यांचे इटालियन कामगार त्या पोकळ्यांतले खडे चमच्यासारख्या हत्यारांनी उपसत, आत आधाराला तार घालत, सिमेंट ओतत, आणि ते सुकलं की भोवतालची माती काढत. हातात मुळाचा ठसा येई. माणसांच्या देहांचे ठसे प्लास्टर ओतून काढण्याचं तंत्र जुझेप्पे फिओरेल्लीने पाँपेईत १८६३ मध्येच वापरलं होतं. म्हणजे लिव्हियाची रंगवलेली बाग ज्या वर्षी सापडली, त्याच वर्षी. मुळांची पाळी पद्धतशीरपणे यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

या मुळांनी जे दाखवलं त्याने रोमन बागेचं चित्र बदललं. पाँपेईच्या अँफिथिएटरसमोरच्या एका मोठ्या जागेला जनावरांचा बाजार समजत होते. तिथे २,०१४ द्राक्षवेलींच्या मुळांच्या पोकळ्या निघाल्या, रांगेत, ठरावीक अंतरावर, आणि मधूनमधून फळझाडं. शहराच्या तटबंदीच्या आत, भर वस्तीत द्राक्षमळा! दुसऱ्या एका घरामागच्या मोठ्या बागेत अत्तराच्या कुप्या सापडल्या, त्यावरून तिथे अत्तरासाठी किंवा गजऱ्यांसाठी फुलं पिकवत असावेत असा तर्क त्यांनी मांडला. पॉलिबियसच्या घरामागे, चारी बाजूंनी बंदिस्त अशा लहानशा जागेत, पाच मोठी झाडं होती. आपण ‘रोमन बाग’ म्हटलं की कारंजं आणि पुतळा आणतो. इथे फळझाडांची दाटी होती. आणि त्याच बागेत जमिनीवर एका लांब शिडीचा ठसा मिळाला. फळं उतरवायची शिडी.

मराठीत या जागेला नेमका शब्द आहे, परसबाग. लॅटिनमधला होर्टुस हा शब्द मुळात तोच. थोरला प्लिनी सांगतो, की पूर्वी रोममध्ये होर्टुस हे गरिबाचं शेत होतं, सामान्य माणसाचा भाजीबाजार होता, आणि परस नीट ठेवलेलं नसेल तर त्या घरची बाई आळशी समजली जाई. (दोष बाईला, ही प्रथाही जुनीच.) रोमन लेखकांच्या परसात काय होतं ते वाचलं तर आपल्याला परकं वाटत नाही. कोथिंबीर, शेपू, पुदिना, लसूण, कांदा, कोबी, घोळ आणि सताप. मेथी होती, पण गुरांच्या वैरणीसाठी. तिचं लॅटिन नावच ‘ग्रीक गवत’ असं आहे, त्यातूनच इंग्रजीतलं फेन्युग्रीक आलं. उलट आज इटलीच्या नावाने जे ओळखतो ते टोमॅटो आणि मिरची तिथे नव्हती, जशी ती तेव्हा आपल्याकडेही नव्हती. दोन्हीकडे ती अमेरिकेतून, पंधराशे वर्षांनंतर आली. प्लिनी आणखी एक गोष्ट सांगतो. शहरातली गरीब माणसं खिडक्यांत रोपं ठेवून रोज थोडं रान डोळ्यांसमोर आणत, पण चोऱ्या इतक्या वाढल्या की खिडक्या बंद करून घ्याव्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीत कोथिंबीर लावणाऱ्या कोणालाही लिव्हियापेक्षा ही माणसं जवळची वाटतील.

जॅशेम्स्कींच्या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुळाची पोकळी उरते ती झाडाची आणि वेलीची. कोथिंबीर आणि शेपू असा ठसा मागे ठेवत नाहीत, त्यांच्यासाठी बिया, परागकण आणि नशीब लागतं. त्यामुळे या पद्धतीतही परसातलं रोजचं, लवकर उपटलं जाणारं असं बरंच काही निसटतं. मुळाच्या जाडीवरून आणि वळणावरून झाड ओळखणं हे कधी पक्कं असतं, कधी अंदाज असतो, आणि पुस्तकात दोन्हींचा सूर काही वेळा एकसारखाच लागतो. वाचनसुख शोधणाऱ्याने तर या खंडांकडे वळूच नये, मोजमापं आणि याद्या यांत गाडी सारखी अडखळते. पण ही अडखळणारी गद्यशैली मला प्रामाणिक वाटते. प्रत्येक बागेत कोणी तरी खड्डा किती खोल खणला, आळं कसं केलं, पाणी कुठून आणलं, हे ती विचारते. मालकापेक्षा माळ्याच्या दिवसाचा हिशेब त्यात जास्त आहे.

आणि ऋतू? खऱ्या बागेत तर आपत्तीलाही ऋतू असतो. व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची तारीख परंपरेने २४ ऑगस्ट धरली जाते. पण शरदात पिकणाऱ्या फळांचे अवशेष बघून अनेकांना तिच्याबद्दल शंका होती. जवळच्या ऑप्लाँटिसमध्ये डाळिंबांचा मोठा साठा सापडला होता. २०१८ मध्ये पाँपेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख मिळाली आणि शरदाची बाजू भक्कम झाली. डाळिंब झाडावर कधी होतं यावरून इतिहासाची तारीख हलते. लिव्हियाच्या भिंतीवरचं डाळिंब कोणतीच तारीख सांगू शकत नाही. ते कायमचंच पिकलेलं आहे.

अमेरिकेतल्या वाचकांना रोम लांब पडत असेल तर तिसरी एक बाग जवळ आहे, लॉस एंजेलिसजवळची गेटी व्हिला. १९७४ मध्ये उघडलेलं आणि नूतनीकरणानंतर २००६ मध्ये पुन्हा खुलं झालेलं हे संग्रहालय हर्क्युलेनियमच्या व्हिला देई पापिरी या वास्तूवर बेतलं आहे. मूळ वास्तू अठराव्या शतकात भुयारं खणून धुंडाळली गेली, नकाशा हाती आला, पण भुयारातून बाग दिसत नाही. त्यामुळे गेटीतली झाडं ही इतर ठिकाणच्या चित्रांवरून, ग्रंथांवरून आणि पाँपेईच्या पुराव्यावरून केलेली विद्वत्तापूर्ण कल्पना आहे. लांबच लांब पाण्याच्या हौदाभोवतीची मोठी बाग छायाचित्रांत उठून दिसते. माझं मत मात्र बाजूच्या औषधी आणि स्वयंपाकाच्या वनस्पतींच्या बागेला. मोठी बाग लिव्हियाच्या भिंतीची वारस आहे, धूळ नसलेली. छोट्या बागेत वाफे रिकामे होतात, नव्याने लावले जातात, काही रोपं सुकतात. तिथे रोमन जग अधिक खरं वाटतं.

जानेवारी २०२५ च्या पॅलिसेड्सच्या वणव्यात या परिसरातली झाडं जळली, इमारत आणि संग्रह वाचले. वाचण्याच्या कारणांत आधीच काढून टाकलेलं वाळकं झुडूप आणि परिसराला दिलेलं पाणी ही कारणं होती. म्हणजे माळीकाम. बाग छान चाललेली असते तेव्हा जे काम कोणाच्या नजरेत येत नाही, नेमकं ते.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल, रोमन माळ्यांची आठवण आपल्याला का हवी? त्याचं उत्तर एका फळात आहे. थोरला प्लिनी मीडियाच्या, म्हणजे इराणकडच्या, एका झाडाबद्दल लिहितो. त्याच्या औषधी गुणांसाठी अनेक देशांनी ते आपल्याकडे न्यायचा प्रयत्न केला, मुळांना हवा मिळावी म्हणून भोकं पाडलेल्या मातीच्या कुंड्यांतून. पण ते मीडिया आणि पर्शिया सोडून कुठे रुजायलाच तयार नाही. हे झाड म्हणजे महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच. इराण हे त्याचं माहेर नव्हे, हिमालयाच्या पायथ्याचा, ईशान्य भारताकडचा प्रदेश हे त्याचं मूळ मानतात. प्लिनीचा निराशेचा सूर पुढे खोटा ठरला. महाळुंग इटलीत रुजलं, आजही दक्षिण इटलीत त्याचे मळे आहेत. भोकं पाडलेल्या कुंड्या पाँपेईत सापडतात आणि लिव्हियाच्या बंगल्यातही सापडल्या आहेत. रंगवलेल्या बागेच्या जवळच, खऱ्या कुंडीत, कोणी तरी रोप जगवत होतं.

परदेशात कढीपत्ता जगवणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कढीपत्ता, महाळुंग आणि सताप ही तिन्ही एकाच कुळातली. कॅलिफोर्नियात कढीपत्त्याच्या रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत, कारण लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते. तेव्हा कुंडीतलं झाड सीमा ओलांडतं की नाही, हा प्रश्न दोन हजार वर्षांनीही संपलेला नाही.

पण कुंडीपेक्षा मला आपल्या लिखाणाची जास्त काळजी वाटते. आपण परदेशातली मराठी माणसं गावाबद्दल, आजोळच्या वाडीबद्दल पुष्कळ लिहितो, आणि त्यात नकळत लिव्हियाची भिंत रंगवतो. सुरंगीचे वळेसर फेब्रुवारी-मार्चमधले, हापूस मे महिन्यातला, प्राजक्ताचा सडा श्रावण-भाद्रपदातला. लेखात ते सगळे एकाच सकाळी अंगणात हजर असतात. एवढं स्मृतीला माफ आहे, आठवण ही ऋतूच्या क्रमाने येत नाही. माफ नसावी अशी गोष्ट दुसरी आहे. त्या वाडीत पाणी कोण काढत होतं? पोफळींना शिंपणं कोण करत होतं? माडावर कोण चढत होतं, त्याला काय मिळत होतं, आणि त्याची मुलं आज कुठे आहेत? बहुतेक लेखांत तो ‘गडी’ असतो. झाडांची नावं असतात, गाईचं नाव असतं, कुत्र्याचंही असतं. सिसेरोला निदान कौतुक करावंसं वाटलं होतं.

स्मरणरंजनावर टीका करणं सोपं आहे आणि त्याचा आता कंटाळाही आला आहे. स्मरणरंजन बंद करा असं माझं म्हणणं नाही. लिव्हियाची खोली पाडावी असं जसं मी म्हणणार नाही, तसंच. त्या भिंतींसमोर उभं राहावं, पिंजऱ्यातला पक्षी शोधावा, अर्ब्यूटसवरचं फूल आणि फळ बघावं. मात्र तेवढ्यावर रोमन बाग पाहिली असं समजू नये. जमलं तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेची गाडी पकडून पाँपेईला जावं आणि अँफिथिएटरसमोरच्या मळ्यात उभं राहावं. तिथे जुन्या मुळांच्या जागांवर आज पुन्हा द्राक्षवेली लावल्या आहेत. शरदात काढणी झाली की वेली ओक्याबोक्या दिसतात, आणि तसं दिसण्यात काही बिघडत नाही.

आणि वाडीबद्दल पुढचा लेख लिहायला बसाल तेव्हा घरी एक फोन करावा. आजी-आजोबा नसतील तर मामा, मावशी, शेजारचं कोणी तरी असतं. शिंपणं करायला यायचे त्यांचं नाव काय होतं, एवढंच विचारावं. कोणाला तरी अजून आठवत असेल.